लोटूनाना आणि धुतलेलं सरपण

सरपण धुवायचं नसतं. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही, आणि नेमकी तिथेच माझ्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची पंचाईत होते. आम्ही जन्मभर लिहून ठेवलेलंच पाळत आलो.

त्याचं असं झालं. खानदेशात, साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात वावडीपाडा नावाचं गाव आहे. तिथून एसटीने एक गोणी सुरतेला आली आणि एका मुक्कामापुरती अडाजणला माझ्या गॅलरीत उतरली. दुसऱ्या दिवशी ती इच्छापोरच्या एका कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये न्यायची होती. गोणीत होता सफेद कोळसा. हे नाव सुरतेच्या बॉयलरवाल्यांचं. वस्तू सफेद नाही आणि कोळसाही नाही. जंगलात माजलेली घाणेरी, वाकड्यातिकड्या फांद्या, सुताराने नाक मुरडून टाकून दिलेले ओंडके, असलं कुणालाच नको असलेलं लाकूड वाळवायचं, त्याचा भुगा करायचा आणि तो भुगा यंत्रात असा करकचून दाबायचा की डिंक नको, माती नको, नुसत्या दाबाने त्याचे मनगटापेक्षा जाड, तपकिरी दांडके तयार होतात. बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी हे घालायचे. जंगल मोकळं होतं, धूर कमी होतो, आणि गावाला घरबसल्या काम मिळतं.

हे सगळं मला पाठ होतं. आमच्या मराठी मंडळाच्या सामाजिक समितीचा मी सचिव असल्याने यावर मी दोनदा भाषणही केलं होतं, आणि म्हणूनच गोणी माझ्याकडे उतरली होती. पण भाषण करणं वेगळं आणि गोणी सांभाळणं वेगळं.

गोणीतून भुसा गळत होता. दांडके हातात घेतले की बोटं मळत होती. उद्या हा माल शेठसमोर ठेवायचा आणि त्याने आधी हात पुसायला रुमाल काढायचा, हे काही मला बरं दिसेना. मी गॅलरीतला झाडांना पाणी घालायचा पाईप लावला आणि एकेक दांडका प्रेमाने धुतला. भांडी घासायच्या ब्रशने कडा साफ केल्या. मग जुन्या चादरीवर ओळीने वाळत घातले आणि आपल्या हातून समाजकार्य घडल्याच्या समाधानात झोपलो.

सकाळी चादरीवर उपमा होता.

दांडका म्हणून एक उरला नव्हता. पाणी पिऊन सगळे फुगले होते, फुटले होते आणि एकमेकांत मिसळून गेले होते. सौ. अरुणाने गॅलरीच्या दारातून एकवार पाहिलं आणि विचारलं, "बँकेत असताना नोटाही धुवायचात का हो?"

ज्या माणसाला आता तोंड दाखवायचं होतं त्याच्यापुढे अरुणाचा तिरस्कार म्हणजे लाडिक कौतुक होतं.

तो माणूस म्हणजे लोटूनाना.

लोटूनाना त्या मिलमध्ये बॉयलरचे फायरमन. राहायला कोसाडच्या कॉलनीत. उंच, वाळलेले आणि बिनभुवयांचे. भट्टीचं दार उघडताना आगीने तोंड चाटून चाटून भुवया केव्हाच्या नेल्या. त्या पुन्हा यायच्या भानगडीत पडल्या नाहीत. भुवया नसल्यामुळे चेहरा कायम थक्क झाल्यासारखा दिसतो. आतला माणूस मात्र तोवर कशानेही थक्क झालेला नव्हता. जगातल्या यच्चयावत वस्तूंवर नानांचा एकच अभिप्राय असतो: "हँ." वस्तू फारच वाईट असेल तर "हँ, हँ." वस्तू चांगली असेल तर नाना गप्प बसतात, पण असं सहसा होत नाही.

इंधनांबद्दल तर विचारूच नका. बोटीने येणारा परदेशी कोळसा? "बोटमा बशीसन आला, म्हणून शहाणा झाला." लिग्नाइट? "जळतो कमी, रडतो जास्त." बारडोलीच्या साखर कारखान्याकडून येणारं उसाचं चिपाड? "भर्रकन पेटतं आणि खल्लास. पुढाऱ्याचं भाषण." आणि गॅस? गॅसचं नाव काढलं की नाना आधी डावीकडे थुंकतात, मग म्हणतात, "जे डोळ्याला दिसत नाही ते कसलं सरपण? ते भूत."

मिलमध्ये अजिंक्य नावाचा एक तरुण सल्लागार येत असे. परदेशी गिऱ्हाइकाने शेठला विचारलं होतं, तुमचा कपडा रंगवताना कोळसा किती जाळता, तेव्हापासून अजिंक्य. तो लॅपटॉप उघडून हिरव्या रंगाचे आलेख दाखवी. एकदा त्याने नानांना 'कार्बनचा पाऊलठसा' म्हणजे काय ते सविस्तर समजावून सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरा, तू कधी चूल पेटवली का रे?" अजिंक्य म्हणाला, "आमच्याकडे इंडक्शन आहे." नाना म्हणाले, "हँ, हँ."

पण नानांच्या तिरस्काराच्या या भरगच्च दुकानात काचेच्या कपाटात ठेवलेला, सगळ्यात जुना, सगळ्यात जपलेला माल एकच: सासरवाडी.

आणि सासरवाडी म्हणजेच वावडीपाडा.

नानांचं लग्न त्या डोंगरात झालं. लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक ओल्या लाकडांवर केला होता. चुलाणं पेटेनात, पेटली तर नुसती धुमसत, आणि मांडवात असा धूर कोंडला की वऱ्हाडाला समोरच्या पत्रावळीतलं वरण कुठलं आणि भात कुठला ते चाचपून बघावं लागलं. नवरदेव पाटावर बसून ढसाढसा रडत होता. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला. त्या फोटोत नवरी खाली मान घालून हसते आहे आणि नवरदेव रुमालात तोंड खुपसून हुंदके देतो आहे. तो फोटो कोसाडच्या घरात अजून भिंतीवर आहे. नाना तो दर दिवाळीला काढून माळ्यावर टाकतात, सखुबाई दर दिवाळीला तो पुसून परत लावतात.

"लोकं इचारतात, नाना, सासरी कोण चाललं व्हतं, तुम्ही का ती?" एवढं सांगून नाना डोंगराच्या दिशेने, म्हणजे कोसाडहून पूर्वेकडे, बघत म्हणत, "ज्यांना पोरीच्या लग्नाला कोरडं लाकूड जमलं नाही ते लोकं!" त्या दिवसानंतर नाना सासरवाडीला जेवले नाहीत. मयताला गेले, पण पाणीसुद्धा सोबत नेलं.

सखुबाईही कमी नाहीत. नवऱ्याने माहेराला एक नाव ठेवलं की त्या शांतपणे म्हणतात, "व्हय, आमचं लाकूड ओलं. पण तुमच्या गावचं माणूसच ओलं निघालं, लगेच रडलं."

आता अशा सासरवाडीचा माल अशा जावयाच्या बॉयलरवर पास व्हायला आला होता. हे जमवलं होतं सखुबाईंच्या भाचीने, ज्योतीने. गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाल्यावर ज्योतीने बायकांचा गट केला, एका संस्थेकडून यंत्रं मिळवली, आणि ज्या घाणेरीने गुरांचं चरण आणि मोहाची झाडं गिळली होती ती उपटून तिचा सफेद कोळसा काढायला घेतला. पण गिऱ्हाईक पाहिजे. गिऱ्हाईक नसेल तर दर हंगामासारखं याही हंगामात बायका-पोरांनी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून बारडोलीकडे ऊस तोडायला जायचं, पालं ठोकायची आणि शाळेत पोरांची नावं नुसती पटावर ठेवायची. मुकादमाचा ट्रक पुढच्या सोमवारी येणार होता. तो भरायच्या आत मिलने हो म्हटलं तर यंत्रं चालतील. नाही म्हटलं तर ट्रक भरेल.

शेठचं एकच म्हणणं होतं, "नाना हा पाडे तो ट्रक मंगावीए." नाना हो म्हणाले तर माल मागवू. म्हणजे वावडीपाड्याचा सगळा हंगाम एका "हँ"वर टांगलेला होता.

आणि त्या हंगामाचा मी उपमा केला होता.

बादलीत तो लगदा घेऊन मी मिलवर गेलो. खोटं बोलायचा विचार रिक्षात दोनदा आला, पण बादली झाकायला फडकं नव्हतं. भट्टीपाशी नाना, शेठ आणि लॅपटॉपसह अजिंक्य असे तिघे उभे होते. नानांनी बादलीत बघितलं. मग माझ्याकडे. मग एक बोट बुडवून वर काढलं.

"हाई काय शे?"

"नाना, ते... जरा धुतलं मी."

"धुतलं."

"म्हणजे भुसा फार होता..."

नानांच्या बिनभुवयांच्या कपाळावर मला पहिल्यांदाच खरंखुरं आश्चर्य दिसलं. मग ते गेलं आणि नेहमीचा भाव परत आला. "साखर टाकाले भुलनात," ते म्हणाले.

शेठला हसू आलं नाही. त्याने बादलीला बुटाने हलकेच धक्का दिला. लगदा डुचमळला. "पाणीमां ओगळी जाय एवुं बळतण शुं कामनुं?" पाण्यात विरघळणारं जळण काय कामाचं? पावसाळ्यात माझं गोदाम गळलं तर मी खीर जाळू का? अजिंक्यने लॅपटॉपमध्ये घाईने काहीतरी शोधलं, सापडलं नाही. शेठ म्हणाला, "रहने दो," आणि निघाला.

झालं. गोष्ट संपली. लोटूनानांच्या मनासारखं घडलं होतं. सासरवाडीचा माल नापास, तोही त्यांनी बोट न उचलता. मला वाटलं, आता ते आनंदाने तंबाखू मळतील.

पण नानांच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर सखुबाईंकडून कळलं. त्यांना ठसका लागावा तसं झालं. वावडीपाड्याला नावं ठेवण्याचा हक्क कुणाचा? जावयाचा. तो त्यांनी पाटावर बसून, धूर गिळून, डोळ्यांतून पाणी काढून कमावलेला. शेठ काय त्या मांडवात जेवला होता? शेठने कधी ती पत्रावळ चाचपली होती? शेजाऱ्याने येऊन आपल्या पोराच्या कानाखाली वाजवावी तसं नानांना वाटलं. पोरगं वाह्यात असेल. पण हात आपला पाहिजे.

"शेठ!" नाना ओरडले. शेठ थांबला. "जलाए बिना फेल किया?"

"नाना, पाणी में..."

"पाणी इस साहब ने डाला. आग मैंने अभी डाली नहीं." नाना छातीला हात लावून म्हणाले. "फेल मैं करेगा. पहले जलाएगा, बाद में फेल करेगा. सोमवार तक बोलना नहीं."

शेठने खांदे उडवले. सोमवार. मग नाना माझ्याकडे वळले. मी बादली उचलून हळूच सटकायच्या बेतात होतो.

"साहेब, उद्या सकाळी एसटी स्टँडवर या."

"मी कशाला, नाना?"

"गोणी उचलायला."

अशा रीतीने, मंडळाच्या सामाजिक समितीचा सचिव या नात्याने नव्हे तर हमाल या नात्याने, मी वावडीपाड्याला निघालो. सखुबाईही आल्या. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि फोटो पिशवीत घेतला होता. नानांनी तो बघितला आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

बारडोलीच्या पुढे रस्त्याच्या कडेला ऊसतोडीची पालं लागलेली दिसू लागली. आधीच्या टोळ्या पोहोचल्या होत्या. काळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या, बाहेर चुली, चुलीपाशी पोरं. नाना सबंध रस्त्यात ड्रायव्हरला, रस्त्याला, टोलनाक्याला, चहाला, चहाच्या कपाला नावं ठेवत आले होते. त्या पालांपाशी मात्र ते काहीच बोलले नाहीत. सखुबाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात मारुतीचं पाल असायचं. माझ्या भावाचं." नाना म्हणाले, "डोळे आहेत मला." आणि पुढच्या गावापर्यंत कुणालाच नावं ठेवली नाहीत. मला काळजी वाटू लागली.

दहिवेलला उतरून जीप, आणि जीपने वावडीपाडा. जावई येतोय हे गावाला कळलं होतं. मारुती, म्हणजे सखुबाईंचा भाऊ आणि ज्योतीचा बाप, अंगणात तांब्या घेऊन उभा होता. पाहुण्याच्या पायावर पाणी घालायची तिकडची रीत. नानांच्या पायावर पाणी पडलं. मारुती माझ्याकडे वळला तसे नाना ओरडले, "साहेबांच्या हातात पाणी देऊ नका! काहीतरी धुतील!"

सगळं अंगण हसलं. गोणीची बातमी माझ्या आधी पोहोचली होती. ज्योतीसुद्धा हसली, पण तिने मला सावलीत खाट दिली. पंचविशीची, बारीक, आवाजाने खणखणीत. ती नानांना म्हणाली, "फुवा, आत्याने सांगितलं, तुम्ही नापास करायला आलात." फुवा म्हणजे आत्याचा नवरा.

"व्हय."

"मग जेवून नापास करा. उपाशी पोटी नापास केलं तर आम्हाला पटणार नाही."

नानांना नाही म्हणता आलं नाही, कारण ती म्हणायच्या आत पाट मांडलेला होता. मी शेजारी बसलो. माझ्या लक्षात आलं की नानांनी खिशातून रुमाल काढून मांडीवर ठेवला आहे. तयारी. समोर चूल होती. चुलीत दांडक्यांचे तुकडे होते, आणि ते नुसते लाल होऊन जळत होते. नाना वाट बघत बसले. भाकरी आली, डाळ आली, भाजी आली. धूर आला नाही. नानांनी चुलीकडे, मग वर छपराकडे, मग परत चुलीकडे पाहिलं. पिढीजात दावा लढवायला कोर्टात जावं आणि समोरची पार्टीच गैरहजर असावी, तसा त्यांचा चेहरा झाला. शेवटी ते म्हणाले, "डाळीत मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे," सखुबाई आतून म्हणाल्या. "त्या दिवशी डोळ्यांतलं पडलं होतं, म्हणून तुम्हाला जास्तीची सवय."

पुन्हा हसू. मारुती मात्र हसला नाही. तो डाळ वाढता वाढता थांबला होता.

"दाजी," तो म्हणाला, "त्या लग्नाची लाकडं वाळलेली होती."

"हँ. मी आंधळा व्हतो."

"वाळलेली म्हणजे, आम्ही उन्हाळाभर गोळा करून, वाळवून मागे रचली होती. सगळं लग्न पुरेल एवढी. हळदीच्या दिवशी जंगलाचा गार्ड आला. जंगलातलं सरपण म्हणून गाडी भरून घेऊन गेला. मग काय करणार? पहाटे बापाने जे हाताला लागलं ते तोडून आणलं. ओलं."

नानांचा घास हातातच राहिला. "मग तवाच का नाही सांगितलं?"

मारुतीने त्यांच्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. "जावयाला कोण सांगेल, दाजी, की तुमच्या लग्नाचं सरपण जप्त झालं? लोकांनी म्हणावं लाकूड ओलं. सरपणचोर म्हणू नये."

नानांनी घास तोंडात घातला, दुसरा घातला. डाळ परत मागितली, मिठाचं नाव काढलं नाही. आत सखुबाईंचं भांडं वाजायचं थांबलं होतं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. बापाने पोरीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पोर सासरी जाणार, बोलून बसेल.

जेवण झाल्यावर माणूस विरघळेल, डोळे पुसेल, मेव्हण्याला मिठी मारेल अशी माझी समजूत होती. म्हणून मी चष्मा पुसून तयार होतो. नाना उठले, हात धुतले आणि म्हणाले, "माल दाखवा."

पुढचा तासभर त्यांनी वावडीपाड्याच्या बायकांना जे छळलं ते बघवत नव्हतं. शेडमधल्या थप्पीतला एकेक दांडका उचलायचा, कानाशी धरून टिचकी मारायची आणि बाजूला फेकायचा. "हा वाकडा. हा वांझ. हा बघा, याच्या तोंडावरच लिहिलं आहे, जळणार नाही." ज्योती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फुवा, लाकूड निवडताय का सून?" नाना म्हणाले, "सून इतकी बारकाईनं बघितली नव्हती." मला वाटतं, निम्मे दांडके त्यांनी केवळ थप्पी कमी व्हावी म्हणून फेकले. उरलेल्यांतून दोन गोण्या भरल्या. एक मी उचलली. दुसरी, मला आश्चर्य वाटावं तसं, त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली.

परतीच्या एसटीत त्या गोण्या सीटखाली ठेवल्या आणि नाना पाय पसरून पहाऱ्याला बसले. सोनगडला एक बाई पाण्याची बाटली घेऊन चढल्या, तर नानांनी त्यांना बाटलीचं झाकण तपासून दाखवायला लावलं. त्या म्हणाल्या, "बॉम्ब आहे का गोणीत?" नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बॉम्ब शेजारी बसलाय. गोणीत माल आहे."

सोमवारी शेठ आला. अजिंक्य आला, त्याने उष्मांकाचा तक्ता उघडला आणि नानांनी तो बंद करायला लावला, कारण त्याचा उजेड डोळ्यांवर येत होता. भट्टीतला जुना कोळसा खाली बसला तसं नानांनी दार उघडलं आणि फावड्याने दांडके आत सरकवले. दार बंद. आम्ही सगळे वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत उभे राहिलो.

काटा खाली यायला लागला.

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. वावडीपाड्यात एव्हाना मुकादमाचा ट्रक आला असेल, पोरं टपावर चढायला धावली असतील, असं काहीबाही माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं. काटा आणखी घसरला. नाना शांतपणे दाराची झडप उघडून आत वाकले आणि आगीला, नाव घेऊन, आईमाईवरून अहिराणीत अशा शिव्या दिल्या की अजिंक्यने कान झाकले. मग त्यांनी हवेचा दट्ट्या ओढला, लांब सळईने आतले दांडके विस्कटले आणि दार आदळलं.

काटा थांबला. थोडा थरथरला. आणि वर चढायला लागला. चढला तो सरळ जिथे असायला पाहिजे तिथे जाऊन बसला, सासरवाडीला आलेल्या जावयासारखा, हलायचं नाव घेईना. बाहेर येऊन चिमणीकडे पाहिलं तर धूर शोधावा लागत होता.

"शुं लागे छे, नाना?" शेठने विचारलं.

आता "हँ" येणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. नाना काट्याकडे बघत होते. त्यांनी तोंड पुसलं, डावीकडे थुंकले आणि म्हणाले:

"जयस."

म्हणजे, जळतं. त्या मिलच्या इतिहासात लोटूनानांनी कुठल्याही इंधनाला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. शेठलाही त्याची किंमत कळली. तरी व्यापारी माणूस, त्याने शेवटचं विचारलं, "अने चोमासामां?"

"पावसाळ्यात छपराखाली ठेवायचा. तुमचा कपडाही भिजतो, शेठ. भिजला म्हणून खाडीत फेकता का?"

शेठने ट्रक सांगितला. तो आला की पुढचा, असंही सांगितलं. नानांनी फोन लावला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द गोड बोलतील. "ज्योते," ते फोनवर ओरडले, "वाकडे दांडके पाठवशील तर परत धाडीन!" आणि ठेवून दिला. तासाभराने परत तिनेच केला. मागे गलका होता. मुकादमाचा ट्रक गेला होता, पण निम्माच भरला होता. शेडवर सगळ्यांना पुरेल एवढं काम अजून नव्हतं, म्हणून काही घरं गेली. ज्योतीच्या गटातली एकही बाई गेली नाही. मारुती ट्रकपाशी जाऊन मुकादमाला म्हणाला म्हणे, की जावयाच्या बॉयलरला लाकूड लागतं, यंदा वेळ नाही.

संध्याकाळी इच्छापोरच्या नाक्यावर आम्ही चहा प्यायला उभे राहिलो. नाना चहाला नावं ठेवत होते, म्हणजे सगळं स्थिरस्थावर झालं होतं. फोटो काल भिंतीवर परत लागला होता, आणि या वेळी खिळा नानांनी ठोकला होता, हे मला सखुबाईंनी सांगितलं होतं. काहीतरी भरपाई केली पाहिजे, असं राहून राहून वाटत होतं.

"नाना," मी म्हणालो, "पहिला ट्रक येईल तेव्हा मिलच्या गोदामात जागा कमी पडली, तर थोडा माल माझ्या गॅलरीत ठेवू. अगदी निःसंकोच सांगा."

नानांनी कप खाली ठेवला, बिनभुवयांचं ते कपाळ माझ्याकडे वळवलं आणि म्हणाले, "त्यापरीस तापीमा टाकी देसू."